मदत हवी आहे : फोनवर बोलताना सिंपल प्रेझेंट तोंडात कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

इंग्रजी शिकवणाऱ्यांची आणि त्याहून जास्त, मराठी माध्यमातून शिकून मोठेपणी इंग्रजी बोलायला लागलेल्यांची मदत हवी आहे. अडचण माझ्या वहिनींची आहे. संध्याकाळी त्यांचा सराव मी घेते, म्हणून विचारतेय मी.

वहिनी मूळच्या काटोलकडच्या. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्यांची शाळा त्याआधीची, त्यामुळे एबीसीडीशी गाठ थेट पाचवीत पडली. आता नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्या रिसेप्शनला लागल्या आहेत. पेशंटशी मराठी-हिंदीत भागतं, छिंदवाडा-बालाघाटकडून येणारेही हिंदीच बोलतात. अडतं ते इन्शुरन्सवाल्यांच्या फोनवर. ते फोन हैदराबाद-चेन्नईहून येतात आणि पलीकडचा माणूस इंग्रजीशिवाय बोलत नाही. त्याला विचारायचं काय असतं? डॉक्टर किती वाजता बसतात, रविवारी ओपीडी असते का, डिस्चार्जच्या फाइलवर सही कोण करतं. सगळं रोजचं, ठरलेलं, म्हणजे सिंपल प्रेझेंटच.

गाळलेल्या जागा द्या, वहिनी अचूक भरतात. 'ही, शी, इट आलं की एस' हे पाठ आहे. बोलताना मात्र 'डॉक्टर इज कम ॲट टेन' निघतं, नाहीतर 'डॉक्टर इज कमिंग ॲट टेन'. यातलं दुसरं मला जास्त काळजीचं वाटतं. व्याकरण बरोबर, पण अर्थच बदलतो. ऐकणारा समजतो की डॉक्टर आज दहाला येणार आहेत. वहिनींना सांगायचं असतं की ते रोज दहाला येतात.

चालू काळाची ही सरमिसळ सोडवायला आपली नागपुरीच कामी आली. 'डॉक्टर दहाला राउंड घेतात' आणि 'डॉक्टर राउंड घेऊन राह्यले' (म्हणजे आत्ता घेत आहेत) यातला फरक आपल्याकडे लहान पोरालाही कळतो. म्हणून मी एवढंच सांगितलं : मनातल्या वाक्यात 'राह्यले' असेल तर 'इज' आणि 'आयएनजी' दोन्ही लावा, नसेल तर दोन्ही सोडा. 'डॉक्टर टेक्स राउंड्स ॲट टेन', 'डॉक्टर इज टेकिंग राउंड्स नाऊ'. 'इज कम' बरंच कमी झालं. पण मग ही युक्ती दुसरीकडे फसली. 'मले समजून नाही राह्यलं' वरून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' आलं. इंग्रजीत अंडरस्टँड, नो, वाँट, नीड, बिलाँग ही क्रियापदं सहसा 'आयएनजी' घेत नाहीत आणि जवळ असणे या अर्थाचं 'हॅव'ही घेत नाही. दुखण्याला मात्र दोन्ही रूपं चालतात, त्यामुळे 'डोकं दुखून राह्यलं' सुटून जातं! सध्या मी अशी वाक्यं अख्खीच पाठ करून घेतेय : 'सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड', 'वुई नीड द पॉलिसी नंबर', 'डू यू हॅव द क्लेम नंबर?'. नागपुरीचा हा आधार पुढेही ठेवावा, की सवय जडायच्या आत काढून घ्यावा?

दुसरी गोष्ट त्यांचं बोलणं ऐकता ऐकता लक्षात आली. 'वॉर्डबॉय ब्रिंग्ज द फाइल' म्हणताना एस बरोबर लागतो. 'मॅडम साइन द फाइल' म्हणताना गळतो. 'सर कम', 'डॉक्टर सिट' इथेही तेच. माझा अंदाज असा की वॉर्डबॉय 'आणतो' आणि मॅडम 'सही करतात'. आदरार्थी बोललं की आपलं क्रियापद अनेकवचनी होतं, आणि वहिनींच्या मनात सर, मॅडम, डॉक्टर सगळे 'दे'च्या रांगेत जाऊन बसतात. ज्याला मान द्यायचा त्याचाच एस जातो. त्यात भर अशी की एस म्हणजे अनेकवचन हे नामांमुळे पक्कं बसलेलं, त्यामुळे 'पेशंट वेट्स' आणि 'पेशंट्स वेट' त्यांना उलटंच वाटतं. मी म्हटलं, एस एकच आहे, नामाने घेतला की क्रियापदाला उरत नाही. लिहिताना उपयोग होतो, बोलताना तेवढा विचार करायला वेळ कुठे असतो? आदरार्थीचा हा घोळ आणखी कुणाच्या विद्यार्थ्यांमध्ये दिसला आहे का? त्यावर काय केलंत?

'डझ'चंही तसंच. 'डझ डॉक्टर कम्स ऑन संडे?' असं होतं. एस 'डझ'मध्ये आलेला आहे, आता 'कम' मोकळंच राहू द्या, हे त्यांना समजतं, पटतं, आणि पुढच्या फोनला परत 'कम्स'.

ऐकण्याचाही प्रश्न आहे. 'सिट्स', 'चेक्स'मध्ये शेवटी स ऐकू येतो, 'कम्स', 'गोज'मध्ये झ, आणि 'क्लोजेस'मध्ये इझ. फोनवर यातलं फक्त शेवटचं वहिनींच्या कानाला लागतं. जे कानाला लागत नाही ते जिभेवर कसं येणार? यासाठी कानाचा एखादा सराव आहे का?

माझा खरा प्रश्न आता विचारते. रॉजर ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली इंग्रजी घरांतल्या तीन मुलांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नामांचा अनेकवचनी एस मुलांना बराच आधी आला, क्रियापदाचा हा एस पुष्कळ उशिरा. ज्यांची ती मायबोली आहे त्यांनाही उशिरा येतो, तर मी त्याच्यामागे आत्ताच लागावं का? 'डॉक्टर कम ॲट टेन' म्हटलं तरी समोरच्याला नीट कळतं. दर वाक्याला टोकलं की वहिनी मध्येच थांबतात आणि फोन शेजारच्या मुलीकडे देतात. हे मला बघवत नाही. त्या कामात फार चोख आहेत, कुठली फाइल कुठे अडली हे तोंडपाठ सांगतात. मला वाटतं आधी 'इज'चा गोंधळ, 'डू', 'डझ', 'डोन्ट', 'डझन्ट' मार्गी लावावं आणि एसला सध्या हात लावू नये. पण चुकीचं रूप एकदा घट्ट बसलं की निघत नाही, असं म्हणणारेही भेटलेत. तुमचा अनुभव काय?

बर्डीवर एक क्लास लावून पाहिला. पहिल्याच आठवड्यात बाराही काळांचा तक्ता हातात दिला, वहिनींनी पुढे जाणं सोडलं. ब्रिटिश कौन्सिल आणि बीबीसीचं ऑनलाइन साहित्य फुकट आहे, चांगलंही आहे, पण समजावणं इंग्रजीतूनच असल्याने ते आधी मी वाचते. घरी आम्ही ओळखीची वाक्यं घेतो : 'द नाग रिव्हर फ्लोज थ्रू द सिटी', 'विदर्भ एक्सप्रेस गोज टू मुंबई', 'ऑरेंजेस कम फ्रॉम काटोल अँड वरुड'. काटोल आलं की वहिनी न अडखळता बोलतात.

वहिनी दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात. धंतोली, रामदासपेठ किंवा बर्डीत त्या वेळेत फक्त बोलण्याचा सराव घेणारं कुणी माहीत असेल तर कळवा. बॅच लहान हवी, आणि शिकवणाऱ्यांना मराठी यायला हवं. फोनवर सराव करायला आठवड्यातून दहा-पंधरा मिनिटं देणारी एखादी ताई मिळाली तरी चालेल.