मदत हवी आहे: खांबासारखा वाढणारा हा निवडुंग कोणता? बांधावर लावलेले तुकडे कुजतायत

बांधकरी: शेजारच्या गावात एका वस्तीभोवती खांबासारखा सरळ वाढलेला निवडुंग आहे, दोन पुरुष उंच. त्याचे तुकडे आणून बांधावर लावले, तर बरेचसे बुडातून काळे पडून मऊ झाले. जात कोणती, लावायचा कसा? पेरणीच्या आत कुंपण हवंय.

कोरडवाहू: गाव कुठलं, जमीन कसली? चिरल्यावर पांढरा चीक येतो का?

सुलभा_म: शेर लावा, ते पेन्सिलीसारख्या हिरव्या फांद्यांचं चिकाचं झाड. माझ्या माहेरी सगळ्या बांधांना शेरच आहे. पाणी नको, राखण नको, शेळी तोंड लावत नाही.

कोरडवाहू: ताई, शेराचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पोरं खेळतात तिथे नकोच. गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

सुलभा_म: आमच्याकडे इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नाही. छाटताना जपायचं.

जुनं_खोड: निवडुंग पसरतो, विचार करून लावा. फड्या निवडुंगाने माळच्या माळ गिळले होते. 1926 साली सिलोनहून कोचिनील किडा आणून सोडला, तेव्हा तो आटोक्यात आला. पानावर कापसासारखं पांढरं दिसलं आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर तोच किडा.

बांधकरी: अहो, फड्या नाही, खांबासारखा आहे! सांगोला तालुका, काळं रान. चीक येत नाही, बुळबुळीत पाणी येतं. मोठं पांढरं फूल रात्री उमलतं. लाल फळ तडकलं की आत पांढरा गर, काळ्या बिया.

माळावरचा: त्यापेक्षा ड्रॅगनफ्रूट करा, चार पैसे तरी मिळतील.

बांधकरी: कुंपण विचारलंय, बाग नाही.

कोरडवाहू: मग हा सेरियस, मूळचा दक्षिण अमेरिकेतला खरा कॅक्टस. त्रिधारी आणि वई निवडुंग लांबून तसेच दिसतात, पण ते शेराच्या कुळातले: चीक असतो, काटे जोडीने येतात. सेरियसच्या धारांवर लव असलेले ठिपके बघा, त्यातून काट्यांचा झुबका निघतो.

कापलेलं तोंड ओलं असताना पुरलं आणि काळ्या मातीने पाणी धरलं, की हा कुजतोच. हात-दीड हाताचा तुकडा सावलीत दोन-तीन आठवडे सुकवा, तोंड कातड्यासारखं टणक व्हायला हवं. उभा टेकवून ठेवा, आडवा ठेवला तर वाकतो. बांधाच्या माथ्यावर मुरूम आणि वाळू घालून वीतभर खोल, फूटभर अंतराने लावा आणि काठीला बांधा. मुळं धरेपर्यंत पाणी अजिबात नको. पेरणीच्या आत कुंपण होणार नाही, दाट व्हायला काही वर्षं जातील.

बांधकरी: रानडुकरं थांबतील?

कोरडवाहू: बुडाशी फट राहिली तर नाही. मधे घायपात लावा.

बांधकरी: कुजलेल्या तुकड्यांचा शेंडा अजून हिरवा आहे. तो चालेल?

कोरडवाहू: चालेल. गाभा स्वच्छ दिसेपर्यंत कापत जा, तपकिरी ठिपकाही राहू देऊ नका. दर कापाला सुरी पुसा आणि पुन्हा सुकवा.