बेळगाव : 24 टक्क्यांचं पर्सनल लोन बिनव्याजी क्रेडिट कार्डानं फेडता येतंय काय?

उद्यमबाग_फिटर
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे. बहिणीच्या लग्नात एका अ‍ॅपवरून 4 लाखांचं पर्सनल लोन काढलं. 24 टक्के व्याज, 48 हप्ते, हप्ता 13,041. सोळा भरून झाले तरी मुद्दल अजून 3 लाख 6 हजार दाखवतंय, बघितलं की पोटात गोळा येतो. मावसभाऊ इंग्लंडात असतो. त्यानं असलंच लोन शून्य टक्क्याच्या कार्डावर पैसे घेऊन मिटवलं, एकदाच फी भरली आणि मग वर्षभर व्याज नाही म्हणतोय. माझ्याकडं दोन कार्डं आहेत, मिळून साडेतीन लाखांची लिमिट, दोन्हींना 50 दिवस बिनव्याजी. एकावरून काढायचं, दुसऱ्यानं भरायचं, असं फिरवत नेलं तर? कार्ड कुठलं घ्यावं तेही सांगा की.

निपाणीकर
भाऊ खोटं बोलत नाही, पण ते तिकडचं. तिथं मनी ट्रान्सफर कार्ड मिळतं, पैसे थेट बँक खात्यात येतात आणि मुदतीत फेडले तर व्याज नाही. आपल्याकडचे 45-50 दिवस फक्त खरेदीला. रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज, वर अडीच टक्क्यांच्या आसपास फी. आणि साडेतीन लाख रोख मिळणारच नाहीत, कॅश लिमिट वेगळी असते. अ‍ॅपमध्ये बघा, आकडा बघून हसाल.

कॅम्पातला
रोख काढायची कशाला वो? ओळखीच्या दुकानात स्वाइप मारायचं, दोन टक्के कापून पैसे हातात. बँकेला खरेदीच दिसते.

वडगाव_मागवाला
कॅम्पातले दादा, हे मी दीड वर्ष केलंय, म्हणून सांगतो. बिलावर 'मोबाईल अ‍ॅक्सेसरीज' छापून यायचं, मी त्या दुकानातून साधं कव्हर घेतलेलं नाही. तीन कार्डं होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिन्हींच्या तारखा लाल, निळ्या, हिरव्या पेनानं गोल केलेल्या. बायकोला वाटायचं भिशीच्या आहेत. दर फेरीला दोन टक्के दुकानदाराला, म्हणजे वर्षाला किती ते तुम्हीच मोजा. आषाढात मागाला काम नव्हतं, एक तारीख चुकली आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढीच, भरायची सवय लागली.

एक लाख थकले की साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज 3,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 630. मिनिमम 5,000 भरले तर मुद्दल कमी होतं 870 रुपयांनी! आणि बाकी राहिली की नव्या खरेदीचे बिनव्याजी दिवसही जातात. रविवार पेठेतून आणलेल्या तूरडाळीवरसुद्धा मी पहिल्या दिवसापासून व्याज भरलंय. पूर्वी 30 टक्क्यांच्या वर व्याज नको असा ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल होता, तोही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. शेवटी बँकेनं माझं एक कार्ड बंद केलं ते वेगळंच. तुमचं 24 टक्क्यांचं लोन यापुढं स्वस्त म्हणायचं.

उद्यमबाग_फिटर
बरं झालं विचारलं. या पगाराला दुकानात जायचंच ठरवलं होतं. मग आता करू काय? सोसायटीत जामीनदार दोन मागतात आणि माझे दोन्ही जामीनदार स्वतःच कर्जात हायत.

शहापूर_ताई
घरात सोनं आहे का? मी सहकारी बँकेत तारण विभागात 19 वर्षं काढलीत, म्हणून पहिला प्रश्न तोच.

आधी अ‍ॅपवाल्यांकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे आज लोन पूर्ण मिटवायला किती लागतील त्याचं पत्र, मेलवर मागवा, फोनवरच्या आकड्यावर जाऊ नका. फिक्स्ड व्याजाच्या लोनला मुदतीआधी फेडण्याचा दंड लावतात. समजा 4 टक्के धरला तर जीएसटीसकट साडेचौदा हजार. म्हणजे 3 लाख 20 हजार लागतील. तेवढे सोन्यावर 10 टक्क्यांनी मिळाले आणि तुम्ही हाच 13,041 चा हप्ता भरत राहिलात, तर 28 महिन्यांत मोकळे. दंड धरूनही पंचावन्न हजारांच्या वर वाचतात. फक्त बहुतेक सोनं तारण 12 महिन्यांचं असतं, नूतनीकरण करावं लागतं, आणि हप्त्याची सक्ती नसल्यानं माणूस सुस्तावतो. हप्ते घेणार का ते आधी विचारा. लोन मिटल्यावर सिबिलमध्ये 'क्लोज्ड' आलंय ना बघा. 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीत कमी भरून मिटवलं असं, आलं तर पुढं घराच्या कर्जाला अडतं.

निपाणीकर
कार्डाचा एक सरळ उपयोग आहे. महिन्याचं रेशन, पेट्रोल कार्डावर घ्या, पगारातले तेवढे पैसे बिलाच्या तारखेपर्यंत पार्ट पेमेंटला, म्हणजे लोनचं थोडं मुद्दल आधीच फेडायला, लावा. पण ही उडी एकदाच मारता येते, पुढच्या महिन्यात बिल पूर्ण भरायचंच. दहा-पंधरा हजारांच्या वर फरक नाही, आणि अ‍ॅपवाले पार्ट पेमेंट घेतात का तेही बघा.

उद्यमबाग_फिटर
आईच्या पाटल्या आणि बिलवर आहेत. जेवताना हळूच विषय काढला. आधी गप्प बसली, मग म्हणाली, "अ‍ॅपवाल्यानं फोन केला की तू जिन्यात जाऊन बोलतोस, मला माहीत नाही व्हय?" मग स्वतःच कपाटाची किल्ली काढून दिली. लेटरसाठी मेल टाकलाय. ताई, दागिने आईचे आणि कर्ज माझ्या नावावर, असं चालतं काय?

शहापूर_ताई
आईलाच घेऊन या, कर्ज त्यांच्या नावावर करू. आधार, पॅन, दोन फोटो. पाटल्या आतून पोकळ ठेवून लाखेनं भरलेल्या असतील तर तेवढं वजन वजा होतं, घरच्या काट्यावर हिशेब धरून येऊ नका. आणि अकराच्या आधी नको, सराफ अकराला येतात.