पहिली खेप, टाके टाळायला तेलाचा मसाज: कुणी केलाय का?

पहिलटकरीण_सातारा
परवा 33 आठवडे पूर्ण झाले. गेल्या वर्षी वहिनीचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी झालं, म्हणजे दवाखान्यातून ती इकडेच आली. खाली काप देऊन टाके घातले होते. महिनाभर ती एका कुशीवर कलूनच बाळाला पाजायची. शिंक येतेय असं वाटलं तरी पलंगाची कड घट्ट धरायची. ते पाहिल्यापासून मला कळांपेक्षा टाक्यांची धास्ती जास्त आहे.

तपासणीला गेले तेव्हा सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "35व्या आठवड्यापासून खाली तेलाचा मसाज करा." नीट विचारेपर्यंत पुढचं नाव पुकारलं. आईला विचारायचा संकोच वाटतो. खाली म्हणजे नक्की कुठं? तेल कोणतं? बाळाला काही होत नाही ना? पोट एवढं पुढं आलंय की मला माझी पावलंही दिसत नाहीत.

मृण्मयी_नाशिक
संकोच करू नकोस गं, मलाही हे कुणी धड सांगितलं नव्हतं, म्हणून सगळं लिहिते.

जागा म्हणजे योनीमार्ग आणि शौचाची जागा यांच्यामधला भाग. डॉक्टर त्याला पेरिनियम म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येताना सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो.

मी डॉक्टरांना विचारून 35व्या आठवड्यात सुरू केलं. नखं अगदी बारीक कापायची, हात साबणानं धुवायचे. रात्री कोमट पाण्यानं अंघोळ झाली की बाथरूममध्ये एक पाय स्टुलावर ठेवून भिंतीला टेकायचे. घरचं साधं खोबरेल तेल वापरलं, सुगंधी नाही. अंगठा पहिल्या पेरापेक्षा थोडा जास्त आत, आणि दाब खाली, शौचाच्या जागेच्या दिशेनं. चुरचुरायला लागलं की तिथंच मिनिटभर धरायचं, मग हळूहळू डावीकडे-उजवीकडे, इंग्रजी यू काढल्यासारखं. वर लघवीच्या जागेकडे अजिबात दाबायचं नाही. सगळं मिळून पाच मिनिटं. शेवटी शेवटी माझा हात पोहोचेना, तेव्हा नवऱ्यानं मदत केली. मी उशांना टेकून बसायचे आणि "बस" म्हटलं की तो लगेच थांबायचा.

पहिल्या दोन-तीन वेळा मी अंग इतकं आवळून घेतलं की काही जमेना. तोंडाचे दोन्ही कोपरे बोटांनी ताणून बघ, कडेला जशी आग होते ना, तशीच ती. हळूहळू त्या आगीत श्वास सोडायची आणि जबडा सैल ठेवायची सवय झाली. मला खरा उपयोग याचा झाला. डोकं टेकलं तेव्हा तीच आग, कितीतरी पटीनं. पण ती ओळखीची होती, मी घाबरून आवळलं नाही. डॉक्टरांनी काप दिला नाही. थोडं फाटलं, दोन टाके पडले. दहाव्या दिवशी मांडी घालून जेवले.

आणखी एक, 36व्या आठवड्यातच डॉक्टरांना विचार, "पहिलटकरणीला सरसकट काप देता का?" आम्ही मुली हे विचारतच नाही. टेबलावर गेल्यावर विचारायची ताकद नसते.

लेबररूम_सिस्टर
मृण्मयीताईंनी पद्धत बरोबर सांगितली आहे. 19 वर्षं लेबर रूममध्ये काम करतेय, म्हणून थोडी भर घालते.

अंगावरून रक्त जात असेल, वार म्हणजे प्लासेंटा खाली असेल, पाणी गेलं असेल, दिवसांआधी कळा यायची भीती असेल किंवा खाली खाज-इन्फेक्शन असेल तर मसाज करायचा नाही. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, रोज केल्यानं जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही. आणि ही हमी नव्हे. अभ्यासांचा हिशेब असा, की साधारण 15 जणींनी केलं तर एकीचं टाके पडण्याइतकं फाटणं टळतं. मुख्य फायदा पहिलटकरणींनाच. टाके पडले म्हणजे तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका, मला ते फार लागतं.

सरसकट काप देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली स्पष्ट सांगितलंय. बाळाचे ठोके उतरले तर मात्र कधी द्यावा लागतो, तेव्हा अडवू नका. डोकं दिसायला लागलं की कोमट पाण्यात भिजवलेलं कापड खाली धरायला सांगा. आणि आम्ही "आता जोर नको, फुंकर घाला" म्हणतो तेव्हा खरंच थांबा. डोकं सावकाश आलं की कातडीला ताणायला वेळ मिळतो.

पहिलटकरीण_सातारा
दोघींचे खूप आभार. आज डॉक्टरांकडे जाऊन आले. वार वर आहे, पण थोडं इन्फेक्शन निघालं. आधी सात दिवसांचं औषध, मग मसाज. कापाचंही विचारलं. "गरज असेल तरच, आणि सांगूनच देईन," म्हणाल्या.

येताना रिक्षात आईला सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या वेळी मला कापलं, ते मला टाके घालताना कळलं."