गोडसे भटजींची जुनी प्रत घेताना संपादकाचं नाव बघा

'मजकूर तोच असतो, मग रद्दीवाल्याकडून निम्म्या किमतीत का घेऊ नये' हे जुन्या पुस्तकांबद्दलचं मत बऱ्याच पुस्तकांना लागू आहे, पण गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ला, म्हणजे १८५७ च्या बंडाच्या काळातल्या त्यांच्या प्रवासवर्णनाला, नाही. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते पहिल्यांदा छापलं तेव्हा मूळ मजकुरात बरेच फेरफार केले होते. हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती आली थेट १९६६ मध्ये. म्हणजे एकाच नावाची दोन वेगळी पुस्तकं बाजारात फिरतात.

हे मला नौपाड्यातल्या रद्दीवाल्यापुढे उकिडवं बसून पुस्तकं उपसताना सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं. ६० रुपयांत मिळालं म्हणून खुशीत होतो. शीर्षकपान कसरीने खाल्लेलं, संपादकाचं नावच गायब. शेवटी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन ताडून पाहिलं, तर माझी प्रत वैद्यांचीच निघाली. (टाकली मात्र नाही. आधीच्या मालकाने झाशीच्या वेढ्याच्या पानांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा नव्या प्रतीत कुठून मिळणार?) आणि हो, जुन्या इतिहासाच्या किंवा प्रवासाच्या पुस्तकात घडीचा नकाशा असेल तर पैसे देण्याआधी तो उलगडून बघा. माझ्याकडच्या दोन पुस्तकांत नकाशाची नुसती फाटलेली कडा उरली आहे.