मदत हवी आहे: चारपैकी कोणती दोन ओटीटी ठेवू?
जुळे सोलापुरात राहतो. घरात पाच माणसं, टीव्ही एकच. सध्या जिओहॉटस्टार, झी५, प्राइम व्हिडिओ, नेटफ्लिक्स चारही चालू आहेत. खर्च झेपत नाही, दोनच ठेवायची आहेत. आईला झी मराठी आणि स्टार प्रवाह, दोन्हीकडच्या मालिका रोज लागतात. म्हणजे झी५ आणि जिओहॉटस्टार इथेच दोन्ही जागा भरल्या. तिची करमणूक तेवढीच, ती तोडायची नाही. प्राइम घरपोच सामानासाठीही लागतं. नेटफ्लिक्स महिनाभर बंद ठेवून पाहिलं, मुलीच्या सुट्टीत पुन्हा घेतलं. घर भाड्याचं, गच्चीवर डिश लावता येत नाही. इंटरनेटसोबत ओटीटी मिळणारा प्लॅन सोलापुरात कुणी वापरताय का? त्यातलं झी५ टीव्हीवर चालतं, की फक्त मोबाइलवर?