मदत हवी आहे: ‘एक्सकम्युनिकेशन’ला नेमकं काय म्हणू?

मंडळी, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या एका चित्रावर मराठीत टिपण लिहितेय. झाँ-पॉल लॉराँस यांचं, १८७५ सालचं. फ्रान्सचा राजा दुसरा रोबेर नात्यातल्याच बर्थशी लग्न करून बसला, म्हणून पोपची शिक्षा: एक्सकम्युनिकेशन, म्हणजे चर्चमधून बहिष्कृत करणं. शिक्षा सुनावून धर्मगुरू दरबारातून निघालेत, राजाराणी सिंहासनावर एकमेकांना बिलगून सुन्न. राजदंड खाली पडलाय आणि फरशीवर आडवी झालेली जाडजूड मेणबत्ती अजून धुमसतेय! माझी नजर तिथेच अडकते.

अडलंय चित्राच्या शीर्षकातल्या याच शब्दाशी. ‘वाळीत टाकणे’ लिहिलं की गावकी, जातपंचायत आठवते. ‘धर्मबहिष्कार’ फारच कोरडा. वसईकडच्या कुणाला चर्चमध्ये रूढ असलेला मराठी शब्द माहीत आहे का?