पोटातच बाळ दगावण्याचा धोका नेमका कशामुळे वाढतो?

प्रश्न

माझ्या धाकट्या भावजयीचे बाळ आठवा महिना संपता संपता पोटातच गेले. ती नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरील खेड्यात राहते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की तिने ग्रहणात सुरी हातात धरली आणि वाकून कापूस वेचला, त्याचे हे फळ. आणि ती ते सारे खाली मान घालून ऐकून घेते. तिच्या तपासणीच्या कार्डावर सातव्या महिन्यात रक्तदाब १५०/१०० आणि हिमोग्लोबिन ८.२ असे लिहिलेले आहे. पुढची तपासणी वेचणीच्या दिवसांत राहून गेली. आपल्यासारख्या देशांत असे कोणकोणत्या कारणांनी घडते, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १

ताई, ग्रहणाचा आणि सुरीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे घरात स्पष्टपणे सांगा. मी सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवतो. २८ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मले तर जागतिक तुलनेसाठी त्याला उपजत मृत्यू म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ साली अशी सुमारे १९ लाख बाळे गेली आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक सहारा वाळवंटाखालची आफ्रिका व दक्षिण आशिया येथील होती.

कार्डावरचे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत. गरोदरपणात रक्तदाब वाढला की वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी होते, बाळाची वाढ खुंटते आणि कधी कधी प्रसूतीआधीच वार सुटते. त्यात आईच्या अंगात रक्त कमी असेल तर बाळाला प्राणवायू आणखी तुटपुंजा पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, हाही तपासलाच पाहिजे. मधुमेह, वेळेत न ओळखलेला सिफिलिस, आफ्रिकेत विशेषतः मलेरिया, जुळी बाळे, फार कमी किंवा फार जास्त वय, आधीचा उपजत मृत्यू हेही धोके आहेत; चुलीचा धूर आणि आपल्याकडे बायकाही खातात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा, यांचीही भर पडते. तथापि धोका वाढवणारी गोष्ट म्हणजे तिच्या बाळाच्या मृत्यूचे सिद्ध झालेले कारण नव्हे. मला इथे अधिक खटकते ते हे, की १५०/१०० ची नोंद झाल्यावर तिला त्याच दिवशी पुढे पाठवायला हवे होते. मजुरी बुडते म्हणून तपासणी चुकली, तर तो दोष तिच्या माथी मारता येणार नाही.

उत्तर २

मी वीस वर्षे प्रसूतीगृहात परिचारिका आहे. जगातील उपजत मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू कळा सुरू झाल्यानंतर होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाळ हातात आल्यावर आम्ही आधी त्याची कातडी पाहतो. ती सुटलेली असेल तर बाळ बहुधा कळांपूर्वीच गेलेले असते. अंग ताजे असेल तर शेवटच्या काही तासांत आपण कमी पडलो का, हे स्वतःला विचारावे लागते. कळा चालू असताना दर अर्ध्या तासाने आणि बाळ बाहेर येण्याच्या वेळी दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे असतात. एकीच्या वाट्याला तीन-तीन बाळंतिणी आल्या, की ते होत नाही. ठोके मंदावल्याचे कळले तरी सिझेरियनची सोय दोन तासांवर असेल, तर त्या कळण्याचा उपयोग तो काय? पोटातली हालचाल कमी वाटली तर उजाडण्याची वाट पाहू नये, हे मात्र प्रत्येक घरात माहीत असावे.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर १

दिवस राहण्यापूर्वीच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. रक्तदाब, साखर आणि पती-पत्नी दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाचा धोका असलेल्यांना डॉक्टर सुरुवातीच्या महिन्यांतच कमी मात्रेत ॲस्पिरिन देतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील एका अभ्यासात, ज्यात नागपूर परिसरातील पहिलटकरणीही होत्या, या गोळीने मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या. स्वतःच्या मनाने मात्र ती घेऊ नये. जुने कार्ड सोबत न्यावे, कारण पुढचा डॉक्टर आधी तेच वाचेल.

प्रश्नकर्ती

ते कार्ड ती टाकून देणार होती, पण तिच्या आईने लुगड्याच्या घडीत ठेवले आहे. रविवारी जाऊन घेऊन येते.